शेजारच्या टेबलाचा आवाज आणि आपली तब्येत

आरोग्याच्या या पानावर आपण आतापर्यंत साखर, रक्तदाब, टीबी, रक्तक्षय असे विषय वाचत आलात. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. ऑफिसात शेजारी बसणारा सहकारी दिवसभर मोठ्याने बोलतो, स्पीकरवर फोन लावतो, मधेच रील वाजवतो, आणि त्यामुळे आपले डोके उठते. अशी तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही. घरी सांगितले तर आई म्हणते, "एसीत बसून काम करतोस, त्यात कसला त्रास?" पण हा त्रास खरा आहे, तो अंगात मुरतो, आणि त्यातून भांडण किंवा नोकरी सोडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून त्याकडे तब्येतीचा प्रश्न म्हणून पाहायला हवे.

आपल्या वस्त्यांमधील आधीच्या पिढीने आवाज सोसला तो यंत्रांचा. वागळे इस्टेटमधील प्रेस मशीन, डोंबिवली एमआयडीसीतील कारखाने, अंबरनाथ-उल्हासनगरची वर्कशॉपे, कापडगिरण्यांचे लूम खाते. आज त्याच वागळे इस्टेटमध्ये काचेच्या इमारती उभ्या आहेत. कल्याण पूर्व, डोंबिवली, दिवा, कळवा येथील मुले-मुली तिथे, नाहीतर ठाण्याहून गाडी बदलून ऐरोली-घणसोलीला कामाला जातात. कोणी कॉल सेंटरमध्ये, कोणी डेटा एन्ट्रीला, कोणी कुरियर कंपनीच्या हिशेबात, कोणी कर्जवसुलीच्या फोनवर. एका हॉलमध्ये ओळीने टेबले, मधे भिंत नाही. यंत्राचा आवाज गेला आणि माणसांचा आला.

आवाज लहान, त्रास मोठा

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दोन माणसांचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. कान कायमचे बिघडण्याचा धोका सुरू होतो तो रोज ८ तास ८० ते ८५ डेसिबलच्या पुढच्या आवाजात राहिल्यावर. म्हणजे शेजारच्या सहकाऱ्याच्या बडबडीने कोणी बहिरे होत नाही. मग त्रास का होतो?

त्याचे कारण असे की त्या आवाजात शब्द असतात. पंख्याची घरघर एकसारखी असते, थोड्या वेळाने मेंदू ती सोडून देतो. माणसाचे बोलणे मात्र सतत चढते, उतरते, थांबते, पुन्हा सुरू होते. मेंदू ते आपोआप पकडतो, आपण ठरवले तरी कान मिटता येत नाहीत. १९७६ साली झालेल्या एका प्रयोगात लोकांना काही अक्षरे क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली आणि त्याच वेळी त्यांना न कळणाऱ्या परक्या भाषेतील बोलणे ऐकवले. तरीही त्यांच्या चुका वाढल्या. भाषा कळो न कळो, बोलण्याचा आवाज लक्ष तोडतो. ज्यांचे काम आकडे भरण्याचे, बिले जुळवण्याचे, पत्ते तपासण्याचे आहे, त्यांना याचा फटका सर्वात जास्त बसतो.

फोनवरचे बोलणे तर आणखी त्रासाचे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की दोन माणसांचे पूर्ण संभाषण कानावर पडले तर लक्ष तितके विचलित होत नाही, जितके एकाच बाजूचे अर्धे संभाषण ऐकून होते. "हो... मग?... काय सांगतेस!... कधी?" एवढेच ऐकू आले की पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज बांधायला मेंदू लागतो. आपल्याला त्यात रस नसला तरी मेंदू ते काम करत राहतो.

सिडनी विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१३ साली ४२ हजारांहून अधिक ऑफिस कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासली. मोकळ्या हॉलमध्ये बसणाऱ्यांची मोठी नाराजी याच गोष्टीवर निघाली की दुसऱ्याचे बोलणे आपल्याला ऐकू येते आणि आपले दुसऱ्याला. तेव्हा वाचकहो, आपण फार नाजूक झालो आहोत, असे समजण्याचे कारण नाही. हा त्रास जगभरातील ऑफिसांत आहे.

अंगात काय होते

कॉर्नेल विद्यापीठातच २००० साली एक प्रयोग झाला होता. ऑफिसात काम करणाऱ्या ४० महिलांना दोन गटांत विभागले. एका गटाने ३ तास शांत खोलीत टायपिंग केले, दुसऱ्याने ऑफिसात असतो तसा साधाच गोंगाट चालू असताना. गोंगाटातील महिलांच्या लघवीत ॲड्रेनलिन हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले. त्यानंतर दोन्ही गटांना न सुटणारी कोडी दिली, तेव्हा गोंगाटातून आलेल्यांनी लवकर हात टेकले. आणखी एक गोष्ट दिसली. त्या महिलांनी बसण्याची ढब कमी वेळा बदलली, म्हणजे त्या आखडून बसून राहिल्या. विशेष म्हणजे, "तुम्हाला ताण जाणवतो का?" असे विचारल्यावर त्यांनी दुसऱ्या गटापेक्षा जास्त ताण सांगितला नाही. मनाला कळत नव्हते, शरीराला कळत होते.

संध्याकाळी मान आणि खांदे का दुखतात, डोके जड का होते, घरी आल्यावर लहान पोराने एक प्रश्न विचारला तरी त्याच्यावर आपण का ओरडतो, याचा एक धागा इथे सापडतो. ताण रोजचा झाला की झोप बिघडते आणि रक्तदाबावरही परिणाम होऊ शकतो. ज्यांना आधीच रक्तदाब, साखर किंवा अर्धशिशी आहे, त्यांनी जास्त जपायला हवे.

आपल्या माणसांच्या बाबतीत यात आणखी भर पडते. कल्याण ते ठाणे हे साधारण २० किलोमीटरचे अंतर गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने काटायचे. तिथेही कोणाचा तरी मोबाईल मोठ्याने चालूच. रात्री वस्तीत परतावे तर एका भिंतीला दोन घरे, शेजारच्या घरातील टीव्ही आपल्याच घरात असल्यासारखा. हळदीचा डीजे असेल तर झोपेचे नाव नको. ज्याचे घर शांत आहे, त्याच्या मेंदूला रात्री विसावा मिळतो. आपल्यातील अनेकांना तो मिळत नाही. म्हणून ऑफिसातील ८ तास थोडे जरी शांत झाले तरी आपल्याला त्याचा फायदा जास्त आहे.

तो एवढ्या मोठ्याने का बोलतो?

सहकाऱ्यावर चिडण्याआधी याचा विचार करावा. मोठ्याने बोलणारा प्रत्येक जण मुद्दाम तसे करत नसतो.

पहिले कारण, गोंगाटच गोंगाट वाढवतो. एटिएन लोम्बार्ड या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली हे नोंदवले की आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. हॉलमध्ये एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवतो, मग तिसरा. म्हणून दोष एकाचा दिसला तरी अनेकदा तो संपूर्ण हॉलचा असतो. दोन्ही कानांवर हेडफोन असेल तर स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, मग बोलणारा आणखी ओरडतो.

दुसरे कारण, त्याला कमी ऐकू येत असेल. कानाच्या आतील नस कमजोर झाली की माणसाला स्वतःचा आवाजही लहान वाटतो आणि तो मोठ्याने बोलू लागतो. आपल्या वस्त्यांत असे लोक कमी नाहीत. कोणी आधी वर्कशॉपमध्ये हातोड्याखाली काम केलेले, कोणी वर्षानुवर्षे बँड-बेंजो किंवा डीजेच्या स्पीकरजवळ उभे राहिलेले, कोणी टीबीसाठी पूर्वी दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन किंवा कॅनामायसिनची इंजेक्शने घेतलेले. या औषधांचा कानाच्या नसेवर परिणाम होऊ शकतो. असा माणूस वारंवार "काय? काय म्हणालास?" विचारतो, गर्दीत बोलणे पकडू शकत नाही, मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवतो. त्याला राग नको, कानाची तपासणी हवी.

तिसरे कारण सवयीचे. आपण वस्तीत वाढलेली माणसे. नळावर, गल्लीत, कारखान्याच्या फाटकावर आवाज दिल्याशिवाय ऐकू जात नाही. हा आवाज काही गुन्हा नाही, त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही. पण ऑफिसात काही लोक याच आवाजावरून "ही झोपडपट्टीची माणसे" असे टोमणे मारतात, हेही आपण जाणतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. हॉलमध्ये आवाज हळू ठेवणे हा सर्वांसाठीचा शिष्टाचार आहे, त्यात कमीपणा नाही. त्या आडून कोणी आपल्या राहणीचा किंवा जातीचा अपमान करत असेल तर तो प्रश्न वेगळा आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. आपल्या ऑफिसातील मोठ्याने बोलणारा माणूस आपणच तर नाही ना? घरच्या फोनवर आपण कसे बोलतो, हे शेजारच्या सहकाऱ्याला एकदा विचारून पाहावे.

सांगावे कसे?

बहुतेक जण दोन टोके पकडतात. सहा महिने गप्प राहून सोसायचे, आणि मग एके दिवशी सर्वांसमोर फुटायचे. दोन्हींनी नुकसान आपलेच होते. फुटल्यावर साहेबांच्या डोळ्यांत दोषी ठरतो तो ओरडणारा, आधी सहा महिने सोसलेले कोणी मोजत नाही. कंत्राटावरील मुला-मुलींना तर हे फार महाग पडते.

दुसऱ्याला त्याची चूक दाखवायची असेल तर आधी पाच गोष्टी स्वतःशी तपासाव्यात, अशी शिकवण अंगुत्तर निकायातील पंचक निपातात आहे. योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, सौम्यपणे बोलावे, समोरच्याच्या हिताचे बोलावे, आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. ऑफिसातील या प्रश्नाला ही पाचही सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात.

योग्य वेळ म्हणजे तो फोनवर असताना किंवा टार्गेटच्या घाईत असताना नव्हे. जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या टपरीवर, दोघेच असताना. खरे म्हणजे "तू नेहमी ओरडतोस" असे नव्हे. "काल दुपारी मी बिले जुळवत होतो, तेव्हा स्पीकरवर फोन चालू होता, माझी दोन वेळा बेरीज चुकली," असे. सौम्य म्हणजे स्वर खाली ठेवून, बोट न दाखवता. हिताचे म्हणजे त्यालाही त्यातून काही मिळेल असे. मैत्री म्हणजे उद्या त्याच्यासोबतच डबा खायचा आहे, हे लक्षात ठेवून.

समजा, आपल्यापेक्षा वयाने मोठे सहकारी आहेत. तर असे म्हणता येईल: "दादा, राग मानू नका. तुमचा फोन स्पीकरवर असला की माझे आकड्यांत लक्ष लागत नाही. फोन कानाला लावून बोलाल का? मोठा फोन असेल तर जिन्यापाशी जाल का? मीही माझ्या मोबाईलची घंटी बंद ठेवतो."

बरोबरीची मैत्रीण असेल तर: "अगं, मला हे चार वाजेपर्यंत पाठवायचं आहे. तोवर जरा शांत बसू या का? मग चहाला जाऊ, तेव्हा सगळं सांग."

ज्येष्ठ मॅडम किंवा साहेब असतील तर: "मॅडम, एक विनंती होती. तुमच्या मीटिंगच्या वेळी मी तासभर त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून काम केलं तर चालेल का?" इथे त्यांना गप्प करायचे नाही, स्वतःला थोडी जागा मागायची आहे.

यातील प्रत्येक वाक्यात मागणी छोटी आणि नेमकी आहे. "शांत राहा" म्हटल्याने कोणाला काय करायचे ते कळत नाही. "फोन कानाला लाव" म्हटले की कळते. आणि एकदा सांगून सवय जात नाही. दोन-तीनदा आठवण द्यावी लागेल, हे धरून चालावे. जेव्हा तो हळू बोलेल तेव्हा "आज फार बरं वाटलं रे, काम लवकर झालं" एवढे आवर्जून सांगावे.

काय करू नये, तेही सांगतो. ऑफिसच्या व्हॉट्सॲप गटात नाव न घेता टोमणा टाकू नये. चार जणांची टोळी करून एकावर जाऊ नये. त्याने आवाज वाढवला म्हणून आपणही गाणी वाजवू नयेत. आणि त्याच्या बोलण्याची किंवा भाषेची नक्कल करून हसू नये.

मज्झिम निकायात चातुम सुत्त आहे. नव्याने आलेल्या भिक्खूंच्या मोठ्या समूहाचा भेटीगाठींत आणि राहण्याची व्यवस्था लावण्यात इतका गोंगाट झाला की मासे पकडणारे कोळी ओरडत आहेत की काय, असे भगवंतांनी विचारले आणि त्यांना निघून जायला सांगितले. पुढे चातुमच्या शाक्यांनी विनंती केल्यावर त्यांना पुन्हा जवळ केले. तो गोंगाट कोणाच्या वाईट हेतूतून झालेला नव्हता, तरी तो थांबवणे आवश्यक होते. आणि थांबवल्यावर माणसे तोडली गेली नाहीत.

साहेबांकडे केव्हा जावे?

दोन-तीन वेळा सांगूनही फरक पडला नाही, तर टीम लीडर किंवा सुपरवायझरकडे जावे. जाताना माणसाची तक्रार नेऊ नये, कामाची अडचण न्यावी. आठवडाभर एका वहीत लिहून ठेवावे: तारीख, वेळ, काय चालू होते, कोणते काम अडले किंवा चुकले. पाच-सहा ओळींची ही नोंद दहा मिनिटांच्या रडगाण्यापेक्षा जास्त वजनाची ठरते.

सोबत उपाय घेऊन जावे. जागा बदलून मिळेल का? रोज एक तास शांत कामाचा ठरवता येईल का? फोनसाठी एक कोपरा ठरवता येईल का? हे नियम सर्वांसाठी मागावे, एकासाठी नको. अर्ज लिहायचा तर असा लिहिता येईल: "महोदय, आमच्या ओळीत फोनवरील संभाषणामुळे नोंदी तपासताना चुका होत आहेत. दुपारी ३ ते ४ हा वेळ शांत कामासाठी ठेवावा आणि वैयक्तिक फोन बाहेर जाऊन घ्यावेत, अशी सूचना सर्वांना द्यावी, ही विनंती." कोणाचे नाव नाही, पण काम होते. कंत्राटदारामार्फत लागलेल्यांनी अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

बसल्या जागी करता येण्यासारखे

जागा थोडी जरी बदलली तरी फरक पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये तितका उतरत नाही, पण शब्द पुसट होतात, आणि शब्द पुसट झाले की त्रास कमी होतो. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर बसण्यापेक्षा पाठीमागे बसावे. मधे फायलींचे कपाट किंवा कापडी बोर्ड ठेवता आला तर ठेवावा. काच, फरशी आणि पत्रा आवाज परत फेकतात. पडदा आणि जाड कापड तो शोषतात.

कामाची मांडणी बदलावी. डोके लावायचे काम हॉल भरण्याआधी किंवा जेवणाच्या सुट्टीनंतर जी शांत वेळ असेल त्यात उरकावे. फोनची आणि हाताळणीची कामे गोंगाटाच्या वेळेला ठेवावीत. कोणी मधेच बोलावले तर उठण्याआधी कुठवर आलो ते कागदावर लिहावे, म्हणजे परत आल्यावर धागा सापडतो.

दर तास-दीड तासाने दोन मिनिटे उठावे, मान-खांदे सैल करावेत, पाणी प्यावे, दहा श्वास सावकाश पाहावेत. ज्यांना आनापानाची सवय आहे त्यांना हे सोपे जाईल. ही कामचुकारी नव्हे. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक आणणारे व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खात्याचे सदस्य होते बाबासाहेब. कामगाराच्या शरीराला विश्रांती लागते, ही गोष्ट आपल्याला त्या वेळेपासून ठाऊक आहे.

हेडफोनबाबत मात्र सावध राहावे. बाहेरचा आवाज झाकण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवला तर औषधापेक्षा रोग बरा, अशी गत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. जगात १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून अधिक तरुणांना मोठ्याने ऐकण्याच्या सवयीने कान गमावण्याचा धोका आहे, असा इशारा याच संघटनेने २०२२ साली दिला. केमिस्टकडे मिळणारे फोमचे कानबोळे स्वस्त असतात आणि त्यांत गाणे नसते. ते स्वच्छ हातांनी घालावेत, कान वाहत असेल तर घालू नयेत. आणि रूळ ओलांडताना, फलाटावर, रस्त्यावर कानात काहीही ठेवू नये. दिवा, मुंब्रा, कळव्याच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

हा आवाज नव्हे, हा अपमान

काही वेळा मोठ्याने चाललेले बोलणे हे नुसते गोंगाट नसते. आरक्षणावरून आपल्याला ऐकू जाईल असे शेरे, जातीवरून विनोद, जयंतीच्या मिरवणुकीवरून टोमणे, बाईमाणसासमोर अश्लील बोलणे. यावर कानबोळे घालणे हा उपाय नाही, आणि "जुळवून घ्या" असा सल्ला आम्ही देणार नाही.

जातीवरून लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही घटनात्मक दर्जा मिळाला आहे, म्हणून धर्मांतर केल्याने हे संरक्षण जात नाही. लैंगिक स्वरूपाच्या बोलण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. १० किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी आणि घटनेपासून ३ महिन्यांच्या आत करावी. अशा वेळी तारीख, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, आणि एकट्याने न जाता कोणा जाणत्या माणसाला सोबत घ्यावे.

कायदा कुठे मदत करतो, कुठे नाही

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत मर्यादा दिलेल्या आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला आणि हे नियम पाळले जावेत म्हणून शासनाला व पोलिसांना आदेश दिले. लाउडस्पीकर लावणे हा मूलभूत हक्क असल्याचा दावा कोणताही धर्म करू शकत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. रात्री वस्तीत डीजे चालू असेल तर ११२ वर फोन करता येतो.

पण शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याच्या बोलण्याला ही मोजपट्टी लागत नाही. तिथे आपसातील बोलणे आणि ऑफिसचा शिष्टाचार हेच साधन आहे. कारखान्यात मात्र नियम आहेत. ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरलेली आहे, आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने ठरवलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. ज्यांचे भाऊ-वडील अजून प्रेस मशीनवर आहेत, त्यांनी हे घरी वाचून दाखवावे.

कान कधी आणि कुठे तपासावेत?

कानात सतत शिट्टी किंवा किणकिण, एका कानाने कमी ऐकू येणे, टीव्हीचा आवाज घरच्यांपेक्षा जास्त लागणे, गर्दीत शब्द न पकडता येणे, यांपैकी काही असेल तर तपासणी करावी. अचानक एका दिवसात ऐकू येणे कमी झाले तर वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कानात तेल, काडी, पिन घालू नये.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. ठाणे सिव्हिल, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय येथील बाह्यरुग्ण विभागात जाऊन कानाच्या तपासणीची चौकशी करावी. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापले जाते, त्यांनी आपले कार्ड घेऊन विमा दवाखान्यात जावे. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्याची तपासणी आणि श्रवणयंत्राचे काम होते. डोकेदुखी, धडधड किंवा निद्रानाश महिनाभर टिकला तर रक्तदाबही मोजून घ्यावा.

घरापासून सुरुवात

शेवटी आपल्या घराकडे पाहू. ऑफिसातील सहकाऱ्याकडून आपण जे मागतो, तेच आपल्या घरात दहावीला बसलेली मुलगी आपल्याकडून मागत असते. एकाच खोलीत टीव्ही, आत्याचा फोन आणि तिचा अभ्यास. तिच्या मेंदूलाही शब्दांचा तितकाच त्रास होतो. म्हणून गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून ठरवावे: संध्याकाळी ७ ते ९ टीव्ही बंद किंवा अगदी हळू, मोबाईल कानाला लावून, मोठ्या गप्पा बाहेर कट्ट्यावर. विहारात किंवा समाजमंदिरात अभ्यासाला जागा असेल तर तिथेही हाच नियम. रात्रपाळी करून आलेला शेजारी दिवसा झोपलेला असेल तर त्याच्या दारापुढे भांडी आपटू नयेत. यासाठी कोणाचा अर्ज लागत नाही, साहेबाची सहीही लागत नाही. येत्या रविवारी महिला मंडळाच्या किंवा वस्तीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि ७ ते ९ ची वेळ त्याच दिवसापासून सुरू करावी.